सगळे, नाहीतर कुणीच नाही

जिनेशचा मेसेज आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि मी धुळ्यात देवपूरच्या एका दवाखान्यात केसपेपर लिहीत होते. सहा वर्षं परदेशात शिकून डॉक्टर होऊन आलेली बाई दुसऱ्याच्या दवाखान्यात पेशंटचं नाव, वय, गाव लिहिते, याचं ज्याला नवल वाटेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं. मला दोन वर्षं झाली. यायचा तेवढा राग येऊन गेला, आणि तरी रोज थोडा येतोच. माझा स्वभावच तसला आहे असं घरचे म्हणतात.

मेसेज इंग्रजीत होता. 'जाणता-अजाणता, मनानं, बोलण्यानं किंवा वागण्यानं मी तुम्हाला दुखावलं असेल, तर हात जोडून क्षमा मागतो.' खाली जोडलेले हात. मी वाचला आणि पुढच्या आजीबाईंना वय विचारलं. त्या दिवशी संवत्सरी होती, जैनांच्या पर्युषणाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी ते ओळखीच्या झाडून सगळ्यांची क्षमा मागतात, भांडण झालेलं असो नसो. मी दोंडाईचाजवळच्या गावची, धनसिंग गिरासेंची मुलगी दीपमाला. हे लहानपणापासून बघत आले. आबा ज्यांच्या दुकानी धान्य घालतात ते मोहनलालशेठ, म्हणजे जिनेशचे वडील, त्या दिवशी आबांपुढेही हात जोडतात. आबा घरी येऊन म्हणतात, आज शेठ लई गोड बोलला.

तेव्हा मला त्या मेसेजचं काहीच वाटलं नाही. घोटाळा एवढाच, की तो मला एकटीला आला नव्हता. ग्रुपवर आला होता.

हा ग्रुप काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. किर्गिझस्तानातल्या एका मेडिकल कॉलेजात आम्ही एका वर्गात एक्केचाळीस जण होतो. धुळे-जळगावचे, जिनेश आणि मी धरून, अकरा, बाकी भारतातले काही, मग नेपाळचे, पाकिस्तानचे, केनियाचे आणि सुदानचे चार. कोरोनात आमचे वर्ग मोबाईलवर झाले. नंतर ते आम्ही सुट्ट्या बुडवून, दवाखान्यात उभं राहून भरून काढले. पण भरून काढले असं कॉलेजचं पत्र असल्याशिवाय पुढे कुणी विचारत नाही. इथे तर इंटर्नशिपच मिळत नाही. ते पत्र कॉलेजनं अडवलं. आम्ही सगळ्यांनी मिळून तिथल्या मंत्रालयाकडे तक्रार केली. मग कॉलेज म्हणालं, बरं, पत्रं देतो, पण सुदानच्या चौघांना नाही, त्यांचे जुने कागद अपुरे आहेत. आता कुठून पुरे करणार? त्यांच्या शहरात युद्ध चाललंय. ज्या ऑफिसात कागद होते ती इमारतच राहिली नाही.

त्या चौघांत इसरा होती, माझी खोलीतली मैत्रीण. मला कोरोना झाला तेव्हा हॉस्टेलवाल्यांनी मला एकटीला एका खोलीत कोंडलं होतं. इसरा बाहेर बोळात गादी टाकून अकरा रात्री झोपली, माझा खोकला ऐकू यावा म्हणून. खोकला थांबला की दार वाजवायची, मेलीस का म्हणून. आज ती कैरोत एका औषधाच्या दुकानात काम करते.

कॉलेजनं चौघांना वगळलं त्याच दिवशी जिनेशनं ग्रुपचं नाव बदललं. 'सगळे, नाहीतर कुणीच नाही.'

नुसतं नाव बदलून तो बसला नाही. दर रविवारी आम्ही दोघं एसटीनं निघायचो. आपल्याकडचे जे अकरा जण, त्यांच्या आईवडिलांना भेटायचं, समजावायचं. पहूरला स्वप्नीलची आई कुंदाबाई मला म्हणाली, "सुदान कुठं आलं बाई? त्यांच्यासाठी माझ्या पोरानं घरात बसायचं?" माझं डोकं फिरलं होतं, मी काहीतरी बोलणारच होते. जिनेशनं शांतपणे चहा संपवला.

"मावशी, दहा जणांनी ठरवलं की या भावाखाली कापूस द्यायचा नाही. एकानं गुपचूप दिला. मग काय होतं?"

"भाव पडतो."

"त्याचा एकट्याचा?"

"बठ्ठासना, सगळ्यांचाच," कुंदाबाई म्हणाली. उठताना तिनं आम्हाला केळीचा अख्खा फणा दिला. इसराला मी त्या केळ्यांचा फोटो पाठवला होता.

असं आठ महिने धरून ठेवलं. गेल्या आठवड्यात कॉलेजनं नवा डाव टाकला. प्रत्येकाला वेगळी मेल. 'माझी काहीही तक्रार नाही' असा फॉर्म भरा, पाठवा, तीन दिवसांत पत्र घ्या. मुदत संवत्सरीच्याच दिवशी, आपल्या घड्याळानं संध्याकाळी पाचपर्यंत. एकानं जरी तो फॉर्म पाठवला, की कॉलेज तो मंत्रालयापुढे नाचवणार, बघा, तक्रारच खोटी. आम्ही व्हिडिओवर बसून ठरवलं, कुणी पाठवायचा नाही. सगळ्यांनी एकेक करून हो म्हटलं. मीही म्हटलं.

आणि माझा फॉर्म भरून तयार होता. हे मी लपवत नाही. मी सत्तावीस वर्षांची आहे, इंटर्नशिपची यादी शनिवारी बंद होणार होती, आणि पुढची कधी लागेल ते कुणाला माहीत. रोज तो फॉर्म उघडायचा, नाव तपासायचं, बंद करायचा. पाठवायचा नाही हे पक्कं होतं. मग भरला कशाला असं कुणी विचारलं असतं, तर मला सांगता आलं नसतं.

तर त्या सकाळी पावणेदहाला नेपाळहून बिबेकचा फोन. "दीपा, जिनेशनं काय केलं?"

"कुठं काय?"

"माफी मागतोय ना तो. आज. मुदतीच्या दिवशी."

मला हसूच आलं. मी त्याला सांगितलं, अरे, तो सण आहे. तो म्हणाला, माफीचा सण? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, पण काही केलं नसेल तर माफी कशाची? मी म्हटलं, असंच असतं ते. फोन ठेवला तर ग्रुप नुसता पेटलेला. केनियाची मुलगी विचारत होती, हा सही करून मोकळा झाला का. पाकिस्तानचा एक जण लिहीत होता, त्यानं केली असेल तर मी का थांबू. आणि इसरानं लिहिलं होतं, 'मी तुला क्षमा केली, भाऊ. तुझ्या घरच्यांनाही तू हवा आहेस. मला राग नाही.' बिचारीनं न विचारता सोडून दिलं होतं त्याला.

मी दवाखान्याच्या मागच्या बाजूला गेले आणि मोठा मेसेज लिहिला. इंग्रजीत, मुद्देसूद. हा जैनांचा दरवर्षीचा रिवाज आहे. या दिवशी सगळेच सगळ्यांना असं पाठवतात. त्यानं काही केलंय असा याचा अर्थ नाही. उत्तर द्यायचं असेल तर 'मिच्छामि दुक्कडम्', म्हणजे माझं चुकलेलं माफ व्हावं, असं म्हणायचं आणि हात जोडायचे. जिनेशला मी शाळेपासून ओळखते, तो सही करणार नाही. शेवटचं वाक्य दोनदा वाचून पाठवलं.

हळूहळू शांत झालं. कुणी हसले, कुणी जोडलेले हात टाकले. बिबेकनं 'मिच्छामि दुक्कडम्' चुकीचं लिहिलं, मग दुरुस्त करून लिहिलं. इसरानं लिहिलं, 'किती चांगला रिवाज. आमच्याकडेही पाहिजे.'

पाच देशांना समजावलं, आणि त्यानंतर माझं मलाच समजेना.

म्हणजे कसं, की केसपेपर लिहिता लिहिता मनात आलं, याआधी त्यानं या ग्रुपवर हा मेसेज कधी टाकलाय? मी मागे जाऊन बघितलं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मला वेगळा पाठवायचा, ग्रुपवर नाही. मग याच वर्षी का? आजच का? मी त्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मुदतीचा दिवस, सगळा ग्रुप ह्याच्या नावानं ओरडतोय, आणि ह्याचा फोन बंद. मग आठवलं, काल संध्याकाळी तो बोलता बोलता म्हणाला होता, "उद्या मी नाहीये, तू सांभाळून घे." मी बरं म्हटलं होतं. नाहीये म्हणजे काय? कुठे नाहीये? आणि गेल्या महिन्यात त्याचे वडील माझ्यादेखत त्याला म्हणाले होते, दुसऱ्यांसाठी किती वर्षं घालवणार अजून. तेव्हा तो गप्प बसला होता. तो गप्प बसला हे मला आत्ता दिसलं.

एवढ्यात पहूरहून स्वप्नीलचा फोन. "दीपाताई, जिनेशनं केली ना सही?"

"सण आहे रे तो, वाचलं नाहीस का मी काय लिहिलं?"

"वाचलं. पण तू त्याच्याशी बोललीस का?"

मी नव्हते बोलले. तसं म्हटलं तर स्वप्नील म्हणाला, "बघ मग." आणि फोन ठेवला. दोन शब्दांत त्यानं माझ्या डोक्याचा भुगा केला.

बाराच्या सुमारास आबांचा फोन. आबा फोनवर दुसरं काही विचारतच नाहीत. "कागद उना का व पोरी?"

"नाही आबा."

"आते कधी येई?"

"येईल आबा."

"मी काय म्हणस नही तुले. जेवी ले," म्हणाले आणि ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं.

मला त्या क्षणी जिनेशचा इतका राग आला की सांगता सोय नाही. मला कापसाचे धडे देत गावोगाव फिरवलं, आणि स्वतः सकाळी सही करून, वर सणाच्या नावाखाली माफी मागून मोकळा. म्हणजे पाप धुतलं आणि कुणाला कळलंही नाही. माफी मागायची तीही अशी, की कुणी कधी पकडणार नाही. खरं सांगते, त्या वेळी मला हे इतकं स्वच्छ दिसत होतं. सकाळी मीच काय लिहिलं होतं ते आठवत होतं, आणि तेही खरं वाटत होतं. दोन्ही एकदम. बारा वाजून दहा मिनिटांनी मी तो फॉर्म उघडला, नाव तपासलं आणि पाठवून दिला.

लगेच उत्तर आलं. मिळाला, धन्यवाद, पत्र तीन दिवसांत.

मग मी डॉक्टरांना पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि दोंडाईचाची एसटी पकडली. जिनेशशी भांडायला. सोनगीर येईपर्यंत मी त्याला काय काय बोलायचं ते तीनदा घोळवून घेतलं होतं. पुढे पुढे शब्द सापडेनात. खिडकीतून नुसता कापूस दिसत होता.

दार पलकनं उघडलं. पलक त्याची धाकटी बहीण, कॉलेजात आहे. घरात स्वयंपाकाचा वास नव्हता, त्या दिवशी सगळ्यांचा उपवास.

"जिनेश कुठंय?"

"दादा स्थानकात, दीपाताई. पौषध घेतलंय ना या वर्षी पहिल्यांदा. सकाळी सूर्य उगवायच्या आधीच गेला."

पौषध म्हणजे एक दिवस आणि एक रात्र साधूसारखं राहायचं. जैन स्थानकात बसून राहायचं, अन्न नाही, घर नाही, संसाराची गोष्ट बोलायची नाही. फोनला हात लावायचा तर प्रश्नच नाही.

"मग मेसेज?"

"तो मी पाठवला. दादा फोन माझ्याकडे देऊन गेला, म्हणाला, सगळ्यांना पाठव, कुणी राहायला नको. मी त्याच्या सगळ्या ग्रुपवर टाकला. मग एवढे फोन यायला लागले की बंदच करून ठेवला." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला नाही का आला?"

मी पायरीवर बसले. आतून राजकुंवरकाकू, तिची आई, विचारत होत्या कोण आलंय. पलक म्हणाली, दीपाताई. काकू बाहेर आल्या, हात जोडून मला क्षमा मागितली, आणि उपवासाच्या घरी पाहुणीला काय द्यावं म्हणून घुटमळल्या. मी त्यांच्याकडे पाणी मागितलं आणि फोन काढून कॉलेजला मेल लिहिली. माझा फॉर्म रद्द करा, चुकून गेला. पाणी प्यायच्या आत उत्तर आलं. आलेला फॉर्म परत घेता येत नाही.

पलक मला स्थानकात घेऊन गेली. मोठ्या हॉलमध्ये पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, पांढऱ्या कपड्यांत. जिनेश भिंतीशी लोकरीच्या आसनावर बसला होता, तोंडाला पांढरी पट्टी. उपवासानं चेहरा उतरलेला, पण खुशीत दिसत होता. पलकनं लांबूनच खूण केली. त्यानं वर बघितलं आणि मला बघून त्याचे डोळे हसले. मी दारातच उभी राहिले, पुढे जायचं असतं की नसतं ते मला माहीत नव्हतं.

"जिनेश," मी म्हटलं, "मला माफ कर."

त्यानं ताबडतोब दोन्ही हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्, दीपमाला. माझंही काही चुकलं असेल."

"तसं नाही. मला खरंच माफ कर."

"खरंच केलं," तो म्हणाला आणि पुन्हा हात जोडले.

शेजारचा एक म्हातारा कौतुकानं मान हलवत होता. "गिरासेंची मुलगी, आपल्या धर्मातली नाही, तरी एसटी करून खमावायला आली, क्षमा मागायला. आपली पोरं फोनवर उरकतात." दोनचार जण माझ्याकडे वळून हसले. मला ओरडून सांगायचं होतं की मी कसली खमावायला आले, मी भांडायला आले होते. पण तिथे संसाराचं बोलायचं नव्हतं, जिनेशला विचारायचं नव्हतं, आणि त्याच्या डोळ्यांत इतकं समाधान होतं. मी हात जोडले आणि बाहेर आले.

साडेचार झाले होते. स्थानकाच्या ओट्यावर बसून मी हिशेब लावत होते आणि लागत नव्हता. पाचच्या आत सांगितलं, तर जो तो धावत जाऊन फॉर्म पाठवणार, आणि सुदानच्या चौघांच्या मागे कुणीच उरणार नाही. पाचनंतर सांगितलं, तर बाकीच्यांचीही मुदत टळणार, आणि पत्र एकट्या मला. न सांगावं, तर मंत्रालयात माझा कागद निघेल तेव्हा सगळ्यांना कळेलच. काय केलं तर कमी वाईट होईल, मला खरोखर कळत नव्हतं. आजही कळत नाही. एवढंच कळलं की त्यांच्या वाट्याचा अर्धा तास माझ्या खिशात ठेवून बसायचा मला हक्क नाही.

मी लिहिलं, 'मी तुम्हा सगळ्यांना दुखावलं आहे. इसरा, तुला सगळ्यात जास्त. मला क्षमा करा.'

पहिला बिबेक. 'मिच्छामि दुक्कडम्, दीपा.' या वेळी त्याचं एक अक्षरही चुकलं नव्हतं. मग केनियाची मुलगी, जोडलेले हात. मग पाकिस्तानचा, हात. स्वप्नीलसुद्धा, हात. एकामागून एक, सगळे, मी सकाळी शिकवलं होतं अगदी तसे. इसरानं लिहिलं, 'मिच्छामि दुक्कडम्, माझ्या बहिणी. बघ, मी शिकले. मीही तुझी क्षमा मागते, रात्री दार वाजवून तुला झोपू दिलं नाही त्याची.' पुढे हसरा चेहरा.

मला रडू आलं. ओट्यावर चपला सांभाळत बसलेल्या बाईनं विचारलं, काय झालं बेटा. मी काही नाही म्हटलं.

चार चाळीसला मी पुन्हा लिहिलं. 'हा सण नाही. जिनेशनं काही केलेलं नाही, तो सकाळपासून उपवासाला बसलाय. फॉर्म मी पाठवला. मी सही केली. तुमच्याकडे वीस मिनिटं आहेत.'

हात यायचे थांबले. एकेकानं मेसेज वाचल्याची खूण दिसत गेली. आत स्थानकात संध्याकाळच्या प्रतिक्रमणाच्या प्रार्थनेची तयारी चालली होती, आसनं झटकल्याचा आवाज येत होता. इसरा टाइप करतेय असं वर आलं, गेलं, पुन्हा आलं. मी फोन दोन्ही हातांत धरून बसले होते.

तिनं एकच विचारलं. 'आम्हाला समजावून सांगितलंस, त्याच्या आधी सही केलीस की नंतर?'

मी लिहिलं, 'नंतर.'